कण्यातली बारीक नळी : प्रसूतिवेदना शमविणारी साधने

चेन्नई शहराच्या एळुंबूर भागात – इंग्रजांच्या तोंडी ज्याचे 'एग्मोर' झाले – स्त्रियांचे व बालकांचे एक मोठे सरकारी रुग्णालय आहे. कंपनी सरकारच्या अमदानीत, १८४४ साली, केवळ बाळंतपणासाठी म्हणून मद्रासमध्ये जो दवाखाना उघडण्यात आला, त्यातून ही संस्था वाढली. तो उघडला तेव्हा प्रसूतीच्या वेदनांवर वैद्यकाजवळ कोणताही खात्रीचा उपाय नव्हता. तीनच वर्षांनी, १८४७ मध्ये, एडिंबरोच्या जेम्स यंग सिम्सन याने प्रसूत होणाऱ्या स्त्रीला प्रथम ईथर आणि त्याच वर्षाच्या अखेरीस क्लोरोफॉर्म हुंगविला. आणि १८५३ मध्ये व्हिक्टोरिया राणीने आपल्या आठव्या अपत्याच्या जन्माच्या वेळी जॉन स्नो या डॉक्टरकडून क्लोरोफॉर्म घेतल्यावर या उपायाला प्रतिष्ठा लाभली. वेदना ही ईश्वरी योजना आहे व तिच्यात ढवळाढवळ करू नये, असे म्हणणारे तेव्हा पुष्कळ होते. आपल्याकडे तो युक्तिवाद धर्माच्या भाषेत फारसा झाला नाही. 'बाळंतपण म्हणजे बाईचा दुसरा जन्म' एवढे म्हणून तो विषय घरातल्या वडीलधाऱ्या बायकांनी मिटवून टाकला, इतकेच.

मद्रासच्या वैद्यकीय महाविद्यालयाने १८७५ मध्ये चार स्त्रियांना प्रवेश दिला. आनंदीबाई जोशी यांना फिलाडेल्फियात पदवी मिळण्याच्या अकरा वर्षे आधीची ही गोष्ट. त्या चौघींपैकी मेरी शार्लीब यांनी पुढे १८८५ मध्ये पडदानशीन स्त्रियांसाठी याच शहरात रुग्णालय सुरू करण्यात पुढाकार घेतला. एळुंबूरच्या रुग्णालयाचे पहिले भारतीय अधीक्षक म्हणून १९३९ मध्ये डॉ. लक्ष्मणस्वामी मुदलियार आले. त्यांचे व कृष्ण मेनन यांचे नाव लागलेला प्रसूतिशास्त्राचा ग्रंथ भारतातील विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्यांनी वाचला आहे. माता व बालके जिवंत राहावीत यासाठी या शहरात झालेले काम मोठे आहे. परंतु जिवंत राहणे आणि वेदनेतून सुटणे या दोन निराळ्या गोष्टी होत. दुसरी गोष्ट आजही आपल्या देशात फार थोड्या स्त्रियांच्या वाट्याला येते. तसे का, याचे एक उत्तर माणसांमध्ये आहे आणि दुसरे साधनांमध्ये. या प्रकरणात मुख्यतः साधनांचा विचार करावयाचा आहे; पण माणसे त्यात आल्यावाचून राहणार नाहीत.

प्रथम वेदनेचा मार्ग पाहू. गर्भाशय आकुंचन पावते व त्याचे मुख उघडू लागते, तेव्हाच्या कळा छातीच्या दहाव्या मणक्यापासून कमरेच्या पहिल्या मणक्यापर्यंतच्या मज्जातंतूंवाटे मेरुरज्जूत शिरतात. मूल खाली सरकून बाहेर येऊ लागले की योनिमार्ग ताणला जातो. ती वेदना मात्र त्रिकास्थीच्या दुसऱ्या ते चौथ्या मज्जातंतूंवाटे जाते. म्हणजे पहिल्या अवस्थेतील कळा वरच्या दाराने येतात आणि दुसऱ्या अवस्थेतील खालच्या. जे औषध द्यावयाचे ते दोन्ही दारांपर्यंत पोहोचले पाहिजे, आणि तेही कित्येक तास, कारण पहिलटकरणीचे बाळंतपण बारा तास किंवा त्याहूनही अधिक चालू शकते. एकदा सुई टोचून औषध दिले तर ते तास-दोन तासांत उतरते. पुन्हा पुन्हा सुई टोचणे शक्य नाही. म्हणून सुईच्या जागी एक नळी ठेवून द्यावी लागते.

ही नळी कोठे ठेवावयाची? मेरुरज्जू व त्याचे मज्जातंतू एका चिवट पिशवीत असतात. या पिशवीच्या आवरणाला दृढतानिका असे म्हणतात. पिशवीत मस्तिष्कमेरुद्रव भरलेला असतो. पिशवीच्या बाहेर, पण मणक्यांच्या हाडांच्या आत, एक अरुंद जागा राहते. कमरेपाशी मध्यरेषेवर ती सुमारे पाच मिलिमीटर असते. तिच्यात चरबी व शिरांचे जाळे असते आणि त्यातूनच मज्जातंतूंची मुळे बाहेर पडतात. या जागेला एपिड्यूरल म्हणतात. परिभाषेच्या नियमाने 'अधिदृढतानिका' असा शब्द करता येईल. परंतु प्रसूतिकक्षात तो कोणी उच्चारीत नाही, आणि जो शब्द परिचारिकेलाही ठाऊक नाही तो ग्रंथात घालून काय मिळविले, असा प्रश्न प्रस्तुत अनुवादकाला पडला. म्हणून येथे एपिड्यूरल हाच शब्द ठेवला आहे.

पाच मिलिमीटरच्या या पोकळीत सुईचे टोक थांबले पाहिजे. अलीकडे थांबले तर औषध स्नायूत जिरते व कळा तशाच राहतात. पलीकडे गेले तर दृढतानिकेला भोक पडून द्रव गळू लागतो आणि बाळंतिणीला उठून बसताच असह्य डोकेदुखी सुरू होते. जाड एपिड्यूरल सुईने असे भोक पडले तर निम्म्याहून अधिक स्त्रियांना ही डोकेदुखी होते. मुलाला पाजायला बसणेही तिला कठीण जाते. सुईची घडण कशी असावी, हा प्रश्न म्हणून केवळ कारागिरीचा नाही.

आज सर्वत्र वापरात असलेली सुई 'टूई' या नावाने ओळखली जाते. तिचे टोक सरळ नसून किंचित वाकवलेले असते, आणि छिद्र समोर नसून बाजूस असते. हे वाकडे टोक मुळात सिॲटल येथील राल्फ ह्यूबर या दंतवैद्याने योजिले होते. एडवर्ड टूई याने १९४५ च्या सुमारास ते मेरुरज्जूच्या बधिरीकरणासाठी उचलले, कारण वाकड्या टोकातून बाहेर पडणारी नळी सरळ पुढे न जाता वळून वर किंवा खाली सरकते. हाडाच्या पोकळीत काटकोनात शिरलेल्या नळीला हे वळण मिळणे किती आवश्यक आहे, हे वाचकांच्या सहज ध्यानात येईल. शिवाय बोथट पाठ पुढे असल्याने अशी सुई दृढतानिकेला तीक्ष्ण सुईपेक्षा कमी सहजतेने भेदते. जेस वाइस याने पुढे तिला दोन पंख जोडले. दोन्ही हातांच्या बोटांनी पंख धरून सुई पुढे ढकलता येते व हात कापत नाही. सुईच्या दांड्यावर एक-एक सेंटिमीटरवर खुणा असतात. टोक पोकळीत शिरले तेव्हा त्वचेपासून किती आत आहोत हे या खुणा सांगतात. सडपातळ स्त्रीत ही खोली चार सेंटिमीटरच्या आसपास असते, स्थूल स्त्रीत त्याच्या दुपटीपर्यंत जाऊ शकते. आणि नेहमीची सुई आठ सेंटिमीटरांची असते, हे संच विकत घेणाऱ्याने विसरू नये.

सुईची जाडी गेजमध्ये मोजतात. आकडा लहान तितकी सुई जाड, असा हा उलटा हिशेब आहे. १६ गेजची सुई दीड मिलिमीटरहून थोडी अधिक जाड असते. १८ गेजची सव्वा मिलिमीटर. जाड सुईचा एक फायदा असा की पोकळीत शिरल्याचा 'झटका' हाताला स्पष्ट जाणवतो आणि तिच्यातून जाडसर नळी जाते. बारीक सुईने इजा कमी होते, पण तिच्यातून जाणारी नळीही बारीक, आणि बारीक नळीतून औषध दाबायला अंगठ्याचा जोर लागतो. प्रसूतीसाठी पुष्कळ ठिकाणी १८ गेजची सुई व २० गेजची नळी अशी जोडी पसंत केली जाते. इतर मोठ्या शस्त्रक्रियांसाठी १६ गेजची सुई अनेकांना अजून बरी वाटते.

पोकळी सापडल्याची खूण डोळ्यांना दिसत नाही. ती अंगठ्याला कळते. १९३० च्या दशकाच्या आरंभी तोरिनोच्या आकिले दोल्योत्ती याने ही युक्ती रूढ केली. सुईला हलकी सरकणारी पिचकारी जोडून तिच्या दट्ट्यावर सतत दाब ठेवावयाचा. सुई पिवळ्या चिवट बंधातून जात असते तोवर दट्ट्या दाद देत नाही. बंध पार होताच तो एकदम आत जातो. ही पिचकारी पूर्वी काचेची असे, आणि जुने भूलतज्ज्ञ अजूनही काचेचीच मागतात, कारण तिचा दट्ट्या स्वतःच्या वजनाने सरकण्याइतका मोकळा असतो. ती उकळून किंवा वाफेच्या भांड्यात घालून पुन्हा वापरता येते. पण वारंवार तापविलेली काच कधी अडकते, कधी फुटते, आणि अडकलेला दट्ट्या पोकळी लागूनही 'लागली नाही' असे खोटे सांगतो. यासाठी खास बनविलेल्या प्लास्टिकच्या पिचकाऱ्या हल्ली संचातच येतात. साध्या इंजेक्शनच्या पिचकारीने मात्र हे काम करू नये; तिचा रबरी दट्ट्या घर्षणाने अडतो. पिचकारीत हवा भरावी की मीठपाणी, हा वाद बराच जुना आहे. हवेचे बुडबुडे पोकळीत राहिले तर तेवढ्या भागात औषध पोहोचत नाही; आणि चुकून दृढतानिका फुटली तर ती हवा मेंदूपर्यंत जाऊन तत्काळ डोकेदुखी करते. मीठपाणीच बरे, असे आमचे मत या विषयावरील वाचन संपल्यावर झाले आहे.

आता नळीकडे वळू. पहिली एपिड्यूरल नळी या कामासाठी तयार केलेलीच नव्हती. रुमानियाच्या युजेन अबुरेल याने १९३१ मध्ये प्रसूतिवेदनेसाठी रेशमी नळीतून सतत औषध देण्याचा प्रयोग केला होता. हिंगसन व एडवर्ड्स या अमेरिकन डॉक्टरांनी १९४२ मध्ये माकडहाडाजवळून एक लवचीक सुईच आत ठेवून दिली. मग १९४७ च्या जानेवारीत क्यूबातील हवाना येथे मान्युएल मार्तीनेस कुर्बेलो याने टूईच्या सुईतून मूत्रवाहिनीत घालण्याची रेशमी नळी कमरेच्या एपिड्यूरल पोकळीत सरकविली. रेशीम वळते, पण ओले होऊन फुगते, आणि ते नीट निर्जंतुक करणे कठीण. प्लास्टिक आल्यावर हा प्रश्न सुटला व त्याच्या जागी दुसरे प्रश्न आले.

प्लास्टिकच्या नळ्यांचे सध्या ठळक दोन वर्ग आहेत. पहिला नायलॉनचा. ती ताठ असते, सुईतून सहज पुढे सरकते, ओढल्यास सहसा तुटत नाही आणि स्वस्त पडते. पोर्टेक्स, पेरिफिक्स ही भूलतज्ज्ञांच्या तोंडची नावे मुख्यतः या वर्गातल्या नळ्यांची. तिचा दोष तिच्या गुणातच आहे. ताठ टोक पुढे सरकताना एखाद्या मज्जातंतूला टोचते आणि स्त्रीच्या पायात वीज चमकल्यासारखी कळ जाते; किंवा ते शिरेत घुसते. गरोदरपणात पोटातील मोठ्या शिरेवर दाब येऊन पोकळीतील शिरा फुगलेल्या असतात, म्हणून हा धोका प्रसूतीत विशेष. दुसरा वर्ग पॉलियुरेथेनच्या नळीचा, जिच्या आत पोलादी तारेचे बारीक वेटोळे असते. ॲरो कंपनीची नळी या प्रकारची प्रसिद्ध आहे. ती मऊ असते, शिरेला लागली की वळून बाजूने जाते, आणि तारेमुळे पिळून बंद होत नाही. शिरेत शिरण्याचे व पायात कळ जाण्याचे प्रमाण या नळीने स्पष्टपणे कमी होते, याबद्दल आता फारसा मतभेद नाही. परंतु ती महाग आहे. सुईतून ढकलताना मऊपणामुळे कधी अडते. काढताना जोराने ओढल्यास तारेचे वेटोळे उलगडून लांबत जाते. आणि अंगात तार असताना चुंबकीय तपासणी करावी लागली तर विचार करावा लागतो. जेथे नायलॉनचीच नळी उपलब्ध आहे तेथे एक साधी युक्ती पुष्कळ उपयोगी पडते : नळी घालण्यापूर्वी सुईतून थोडे मीठपाणी सोडावे, म्हणजे पोकळी किंचित फुलते व शिरा टळण्याची शक्यता वाढते. या युक्तीला एक पैसाही पडत नाही.

तिसरी बाब छिद्रांची. काही नळ्यांच्या टोकाला एकच उघडे छिद्र असते; काहींचे टोक बंद व गोल असून बाजूस तीन छिद्रे असतात. ताठ नळीत तीन छिद्रांचा फायदा दिसून येतो. एक छिद्र चरबीत रुतले तरी इतर दोन काम करतात, आणि एकाच अंगाला बधिरता येण्याचे प्रकार कमी होतात. मऊ, तारेच्या नळीत मात्र एक छिद्र व तीन छिद्रे यांत सांगण्यासारखा फरक आढळत नाही. तीन छिद्रांत एक गोम आहे. औषध अगदी सावकाश सोडले तर ते टोकापासून सर्वांत दूरच्या छिद्रातूनच गळते; जोराने दाबले तरच तिन्हींतून बाहेर पडते. म्हणून एक छिद्र पोकळीत आणि दुसरे शिरेत, अशी स्थिती असल्यास पंपाने सावकाश दिलेले औषध ठीक चालते आणि हाताने जोरात दिलेले रक्तात जाते. पंपाने थेंब-थेंब देण्यापेक्षा ठरावीक वेळाने एकेक घोट दिल्यास औषध अधिक पसरते, असे जे अलीकडे मानले जाते, त्याच्या मुळाशीही छिद्रांतून द्रव वाहण्याची ही तऱ्हाच असावी असे दिसते.

नळी पोकळीत किती ठेवावी? तीन सेंटिमीटरांहून कमी ठेवली तर ती निसटते. फार आत सारली तर ती एखाद्या मणक्याच्या बाजूने बाहेर वळते व एकाच पायाला बधिरता येते, किंवा शिरेत शिरते. चार ते पाच सेंटिमीटर हे प्रमाण बहुतेकांना मान्य आहे. नळीवरील खुणा याचसाठी. दहा सेंटिमीटरवर दोन पट्टे, पंधरावर तीन, असा त्यांचा क्रम असतो. बसलेल्या स्त्रीच्या पाठीत नळी घालून लगेच चिकटपट्टी लावली व मग तिला कुशीवर निजविले, तर पाठीची त्वचा व पोकळी यांतील अंतर बदलते आणि नळी आपोआप बाहेर खेचली जाते. म्हणून आधी कुशीवर निजवावे, नळीला सरकू द्यावे, आणि मग चिकटवावे. एप्रिल-मेच्या चेन्नईत, पंख्याखाली घामाने भिजलेल्या पाठीवर चिकटपट्टी टिकविणे हे स्वतंत्र काम आहे. पाठ स्पिरिटने पुसून पूर्ण वाळल्याखेरीज कोणतीही पट्टी, मग ती कितीही महाग असो, धरत नाही. उत्तम नळीचे काम रात्री दोन वाजता निसटलेल्या पट्टीमुळे वाया जाते.

नळीच्या बाहेरच्या टोकाला जोडणी व जंतू अडविणारी बारीक गाळणी असते. गाळणीची छिद्रे ०·२ मायक्रॉनची असतात. जोडणीविषयी थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे. आजवर शिरेतील सलाइनची जोडणी व एपिड्यूरलची जोडणी एकाच मापाची असे. कोणतीही पिचकारी कोठेही बसे. २००४ मध्ये इंग्लंडमधील एका रुग्णालयात एपिड्यूरलसाठी असलेली बुपिव्हाकेनची पिशवी नुकत्याच प्रसूत झालेल्या स्त्रीच्या शिरेला जोडली गेली आणि ती दगावली. हे औषध रक्तात मोठ्या प्रमाणात गेल्यास हृदय बंद पाडते. त्यानंतर वेगळ्या, लहान मापाच्या जोडणीचा आंतरराष्ट्रीय नमुना तयार झाला. ती सलाइनच्या नळीला बसतच नाही. अशी जोडणी सर्वत्र येईपर्यंत पिवळी पट्टी, मोठ्या अक्षरांतील चिठ्ठी, आणि औषध देण्यापूर्वी दुसऱ्या माणसाने वाचून पाहणे, एवढेच उपाय हाती राहतात.

औषधाविषयी थोडक्यात. हल्ली बुपिव्हाकेनचे सौम्य द्रावण, ०·१ टक्का किंवा त्याहूनही कमी, थोड्या फेंटानिलसह देतात. पूर्वीच्या तीव्र द्रावणाने कंबरेखालचे अंग लाकडासारखे होई, मूल बाहेर ढकलण्याचे बळ राहत नसे आणि चिमट्याने प्रसूती करावी लागे. 'पाठीत सुई घेतली की मूल ओढून काढावे लागते' ही जी समजूत अजूनही सासवांच्या तोंडी ऐकू येते, तिला त्या काळात आधार होता. सौम्य द्रावणाने सिझेरियनचे प्रमाण वाढत नाही. दुसरी अवस्था थोडी लांबते, एवढेच.

तामिळनाडू सरकारने १९९४ मध्ये औषधे व वैद्यकीय साहित्य यांच्या मध्यवर्ती खरेदीसाठी एक महामंडळ स्थापन केले, आणि त्याचे अनुकरण इतर राज्यांनीही केले. अशा खरेदीत साधनाचे वर्णन फार महत्त्वाचे ठरते. मागणीपत्रात 'एपिड्यूरल संच' एवढेच लिहिले तर जे स्वस्त ते येईल. सुईचा गेज व लांबी, नळीचा पदार्थ, छिद्रांची संख्या, पिचकारीचा प्रकार आणि गाळणी आहे की नाही हे लिहिले, तर निदान मागितले ते आले की नाही एवढे तपासता येते. आमच्या मते मर्यादित पैशात प्रत्येक स्त्रीला महागडी तारेची नळी देण्याचा आग्रह धरण्यापेक्षा तीन छिद्रांची चांगली नायलॉनची नळी पुरेशा संख्येने असणे, आणि उरलेल्या पैशात रक्तदाब मोजण्याची यंत्रे व रात्रपाळीचा भूलतज्ज्ञ असणे, हे अधिक शहाणपणाचे आहे. जेथे हृदय बंद पडल्यास वापरावयाचे वीस टक्के स्निग्ध द्रावण, प्राणवायू आणि ते वापरता येणारा माणूस खोलीत नाही, तेथे कोणतीही नळी घालू नये. मोठ्या सरकारी कक्षात एकाच वेळी अनेक स्त्रिया कळा देत असतात व भूलतज्ज्ञ सिझेरियनच्या टेबलापाशी अडकलेला असतो. खाजगी रुग्णालयात एपिड्यूरल मिळते आणि येथे नाही, याचे कारण नळीच्या किमतीत थोडे व या माणसाच्या अनुपस्थितीत अधिक आहे.

तरीही नळीचा एक लाभ असा आहे की जो वेदनेच्या हिशेबात धरला जात नाही. मुलाच्या हृदयाचे ठोके एकाएकी मंदावले व तातडीने सिझेरियन करावे लागले, तर आधीच बसविलेल्या, नीट चालणाऱ्या नळीतून अधिक तीव्र औषध देऊन काही मिनिटांत शस्त्रक्रिया सुरू करता येते. पूर्ण भूल, भरल्या पोटी घशात नळी, उलटी फुप्फुसात जाण्याचे भय, हे सारे टळते. अर्थात नळी 'नीट चालणारी' हवी. म्हणून तासातासाला बर्फाचा तुकडा दोन्ही मांड्यांवर व पोटावर फिरवून गारवा कोठपर्यंत कळतो हे पाहावे, आणि एका अंगाला कळत असेल तर सकाळची वाट न पाहता नळी एखादा सेंटिमीटर मागे घ्यावी किंवा नवी घालावी.

नळी काढण्याचे काम बहुधा परिचारिकेकडे येते. स्त्रीला ज्या स्थितीत ती घातली त्याच स्थितीत, पाठ वाकवून कुशीवर घ्यावे. सावकाश, एकसारख्या ताणाने ओढावे. अडली तर जोर करू नये, स्थिती बदलून पुन्हा पाहावे. घालताना तर नळी सुईतून कधीही मागे ओढावयाची नसते, कारण सुईच्या धारेने ती कापली जाऊन तुकडा आत राहतो. सुई व नळी दोन्ही एकदम बाहेर काढावी लागतात. बाहेर आलेल्या नळीचे टोक पूर्ण आहे हे उजेडात धरून पाहावे, खुणा मोजाव्यात, आणि 'टोक अखंड' असे त्या स्त्रीच्या कागदावर वेळेसह लिहून खाली सही करावी.